यंदा आमच्याकडे बिबडे नाहीत

६ एप्रिल
केतकी नोएडाहून आली. आल्या आल्या लॅपटॉप उघडला. मेमधलं वाळवणाचं बुकिंग फुल्ल आहे म्हणाली. ह्यांचं आजारपण सुरू व्हायच्या आधीच घेतलेलं. पाहुणे आमच्याकडे राहणार, गच्चीवर ज्वारीचे बिबडे थापणार, खाली बसून कळण्याची भाकरी खाणार. 'खानदेशी घर, मुनिरका.' दिल्लीतल्या घराची ही पाटी ह्यांनीच रंगवलेली.
मी म्हटलं, यंदा नाही. घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात पापड-बिबडे करत नाहीत. नातलग, शेजारीपाजारी आणून देतात, तेच खायचं.
"मम्मी यार, पप्पा असते तर स्वतःच म्हणाले असते, करा म्हणून."
म्हणाले असते. फेब्रुवारीपासून नाहीत ना पण.

९ एप्रिल
पाहुण्यांच्या दोन्ही खोल्या झाडल्या. कोणी येणार नाही तरी चादरी बदलल्या. मागच्या उन्हाळ्यात हे गच्चीत खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन माकडं हाकलत बसायचे. पलटणीत केली नसेल इतकी इमानाने ती ड्यूटी. पाहुणे बिबड्यांपेक्षा ह्यांचेच फोटो काढत. केतकीने त्यातलाच एक साइटवर ठेवलाय अजून. काढ म्हणायला जीभ रेटत नाही. ठेव म्हणायलाही.

१७ एप्रिल
फोनवर भांडण. एकदा बंद केलं की लोक विसरतात, मम्मी. पुढच्या वर्षी कोणी फिरकणार नाही. खरंही असेल. दोघांनी मिळून उभं केलेलं घर, मलाही का बंद करायचंय?
म्हटलं, लोकांना आपल्या पद्धती बघायच्या असतात ना? मग ही पण आपलीच पद्धत. ही लिही साइटवर.
तिने फोन ठेवला. लागेल असं बोलले. पण बोलले.

२ मे
कडक ऊन. अगदी बिबड्यांचं. गच्ची रिकामी.
बेल वाजली की वाटतं, कोणीतरी डबा घेऊन आलं. कुरिअरवाला असतो. गावाकडे असते तर एव्हाना पिंप भरलं असतं.
शिंदेवहिनींचा फोन, कॅन्टोन्मेंटमधून. ह्यांच्याच पलटणीतल्या शिंद्यांच्या. "वहिनी, यंदा तुमच्याकडे करत नसतील ना? मी ऑनलाइन मागवून पाठवू का?" बाई भली आहे. नको म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. पापडासाठी रडणारी मीच पहिली असेन.

८ मे
केतकी आली. ह्यांच्या पांढऱ्या लुंग्या मागितल्या, ज्यांवर आम्ही बिबडे थापायचो त्या. कशाला, विचारलं नाही. काढून दिल्या. जाताना दारात म्हणाली, "पीठ शिजवताना घाट्यात मीठ कधी टाकायचं?"
तेव्हा उजेड पडला. पाहुण्यांना स्वतःच्या घरी नेणार. नोएडात, वरच्या मजल्यावर, बाल्कनीत. मनात आलं, सांगूच नये.
सांगितलं. आधणातच.

१६ मे
पाहुणे आले नि गेले. फोटो आले. सगळे हसतायत. आमचे पंजाबी जावई कोपरापर्यंत पिठात. माझ्यावाचून काही अडलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ मे
केतकी. हातात स्टीलचा डबा. बिबडे. जाडेभरडे, कडा फाटलेल्या, तीळ सगळे एकाच बाजूला.
"टेस्ट करून सांग ना मम्मी, काय कमी आहे. आणि नेक्स्ट बॅच तुझ्याकडे ठेवू का? फक्त राहायला आणि जेवायला. लोक विचारतायत."
तिला पत्ताच नाही तिने काय केलं. लग्न झालेली लेक. तिचं घर वेगळं, चूल वेगळी. तिथलं मला चालतं. इतक्या दिवसांत कोणी आणलं नाही, ते तिने आणलं. सॅम्पल म्हणून.
एक भाजला. मीठ कमी. अर्धा ह्यांच्या फोटोपुढे ठेवला, अर्धा मी खाल्ला.
"बोल ना, काय कमी आहे?"
काही नाही, म्हटलं.
नेक्स्ट बॅचचं पुढे बघू. निघताना डबा मागत होती. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. भरून द्यायला घरात गोडाधोडाचं काही केलेलंच नाही.
राहू दे म्हटलं, सध्या इथेच.