सुट्टीच्या दिवशीची गोळी

८ जाने., गुरु.
सुट्टी. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला. मला वाटत होतं, आईच्या गुडघ्यांसारखंच असेल. त्या म्हणाल्या, आईचा झिजेचा संधिवात, तुमचा आमवात. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, नेमकं का ते सांगता येत नाही. फ्रिजच्या पाण्याने का, असं विचारलं तर हसल्या. आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. गोळी आठवड्यातून एकदा. "सुट्टीच्या दिवशी घ्या, म्हणजे विसरणार नाही." घरात आठवण करणारं कुणी आहे का? म्हटलं, आहे.
काळेवाडीच्या खोलीत हे गेल्यापासून मी एकटीच. का खोटं बोलले कुणास ठाऊक.

१४ जाने., बुध.
संक्रांत. लाडू वळायला बोटं मिटेनात, वड्या थापल्या. खाणारी मीच. नांदेडहून पूजाचा फोन. लेकीला हातांचं सांगितलं नाही. म्हणेल, नोकरी सोड, इकडे ये. जावयाच्या दारात जाऊन बसू?

२० जाने., मंगळ.
पहिली शिफ्ट. घरून हात गरम पाण्यात शेकून निघाले, तरी तासभर बोटं लाकडासारखी. वायरच्या टोकाचा कनेक्टर टक् वाजेपर्यंत अंगठ्याने दाबायचा, दिवसभर तेच काम. कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय, तोवर कंपनीत कळता कामा नये. शेजारच्या टेबलावरच्या रेखाने न विचारता माझ्या डब्याचं झाकण उघडून दिलं. रागच आला.

२६ जाने., सोम.
झेंड्याची सुट्टी. गोळी घेतली. गुरुवारचीही घेतली होती.

१ फेब्रु., रवि.
आजपासून कंपनीची सुट्टी गुरुवारऐवजी रविवारी. म्हणजे गुरुवारची धरून चार दिवसांत दोन सुट्ट्या. गोळी घेतली. कपडे, झाडलोट, झोप. दिवसभर कुणाशी एक शब्द नाही.

५ फेब्रु., गुरु.
तोंडभर फोड, वरणही झोंबतं. शिफ्ट संपवून दवाखान्यात. बाईंनी कॅलेंडर पुढे ठेवलं. गोळी घेतलेल्या तारखा दाखवल्या: २२, २६, २९, १. मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना सुट्टीच्या दिवशी. त्यांनी चारही तारखांभोवती गोल केले. मग म्हणाल्या, "जिवावर बेतलं असतं. घरी कुणी बघत नव्हतं का?"
खरं सांगितलं. तिथेच रडू आलं, लाज वाटली.
रक्त दिलं. गोळी बंद.

१७ फेब्रु., मंगळ.
पांढऱ्या पेशी अजून कमी. हात जास्त सुजलेत. आज माझे कनेक्टर अर्धवट बसत होते, तरी पुढच्या तपासणीत एकही परत आला नाही. पाहिलं तर रेखा माझा ट्रे ओढून एकेक दाबत होती.
कधीपासून, विचारलं.
"दिवाळीपासून. तू बोलायची वाट बघत होते गं."
बसमध्ये तिला सगळं सांगितलं. ती म्हणते, लाइन लीडरला सांगू, हलकं काम देतील. मी म्हटलं, काढूनही टाकतील. सांगवीला उतरताना म्हणाली, गोळी सुरू झाली की दर वेळी फोन करून विचारेन.

५ मार्च, गुरु.
रिपोर्ट बरा आला. आजपासून पुन्हा गोळी, कमी डोस. चिठ्ठीवर बाईंनी मोठ्या अक्षरात लिहिलंय, गुरुवार, सुट्टी असो वा नसो.
दुसरी शिफ्ट आहे, दुपारी निघायचं. रेखा म्हणाली होती, सकाळी अकराला करते फोन. लीडरचंही आजच ठरवू म्हणाली. मी अजून हो म्हटलेलं नाही.
अकरा वाजून वीस मिनिटं, फोन आलेला नाही. गोळी वाटीत काढून ठेवलीय, पाण्याचा तांब्याही. मला चांगलं आठवतंय, आठवण करून द्यायला कुणी नको. तरी घेतली नाही अजून. बसलेय.