तीनशे जीबी आणि मी

१ तारीख, सोमवार. सकाळी ७.००
नवा महिना, नवं बिलिंग सायकल. आजपासून ब्रॉडबँड कंपनीची गाठ माझ्याशी आहे. प्लॅनचं नाव 'अनलिमिटेड'. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: तीनशे जीबीनंतर स्पीड कमी. कमी म्हणजे किती? शंभराचा एक! याला अनलिमिटेड म्हणायचं, तर माझ्या डोक्यावर दाट केस आहेत असंही म्हणायला हरकत नाही. मागच्या महिन्यात तेवीस तारखेलाच डेटाने मान टाकली. या वेळी ते चालणार नाही.

कारण सव्वीस तारखेला पोरीचा इंटरव्ह्यू. दोन राउंड झाले, हा शेवटचा. व्हिडिओवर, एक तास, समोर तीन माणसं. दीड वर्ष नुसती अर्ज करतेय बिचारी. तिला सांगितलं, नेटची जबाबदारी माझी, तू निर्धास्त राहा. ती म्हणाली, बाबा, प्लीज तुम्ही काही करू नका. टेन्शन आलंय तिला. साहजिक आहे.

माझ्याकडे वेळ आहे. आमच्या ऑफिसात रीस्ट्रक्चरिंग चालू आहे, त्यामुळे सध्या घरीच असतो. चौथा महिना. बोलावतील तेव्हा बघू.

३ तारीख, बुधवार. दुपारी १२.१५
भांडायचं तर पुरावा हवा. आजपासून दर पंधरा मिनिटांनी स्पीड टेस्ट. सकाळी सहा ते रात्री दहा. प्रत्येक टेस्टचा स्क्रीनशॉट, वहीत नोंद, शेजारी सही. पहिल्या टेस्टला ९४ आला. म्हणजे सहा मेगाबिट चोरले! सापडले लेकाचे.

फ्रिजवर नियम चिकटवले. व्हिडिओ बंद. व्हिडिओ कॉल बंद. गाणी फक्त रेडिओवर. बायको डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकून हॉस्पिटलचे रिपोर्ट टाइप करते, त्याच्याही दिवसाला दहाच फाइली ठरवून दिल्या. ती म्हणाली, घर सध्या त्या फाइलींवरच चाललंय. मी उत्तर देणार होतो, पण टेस्टची वेळ झाली होती.

७ तारीख, रविवार. रात्री ९.४५
शंभर जीबी गेले. सात दिवसांत शंभर! नियम लावूनही! घरात कोणीतरी चोरून बघतंय. बायकोला विचारलं, तिने हेडफोन परत कानाला लावला. पोरीला विचारलं, ती म्हणाली, मी पुस्तक वाचतेय. पुस्तक खरंच होतं. मग शेजाऱ्यांचा संशय आला म्हणून पासवर्ड बदलला. घरच्यांना सांगायचं राहून गेलं. बायकोचा अर्धा दिवस बुडाला म्हणे. सुरक्षेसाठी थोडी कळ सोसावी लागते, तिला समजावलं. समजली असावी, कारण काही बोलली नाही.

उद्यापासून दर दहा मिनिटांनी टेस्ट. ढिलाई नको.

९ तारीख, मंगळवार. ११.०० ते ११.५५
कस्टमर केअर. अठ्ठेचाळीस मिनिटं एकच धून ऐकवली. मग एक मुलगी आली. अकरा वेळा सर म्हणाली, मोजलं. तिचं म्हणणं, सर, तुमचा बहुतेक डेटा घरातल्या एकाच डिव्हाइसवर जातोय, आमच्या ॲपवर बघा. मी म्हटलं, आरोपीच्या ॲपवर फिर्यादीने का विश्वास ठेवावा? शेवटी म्हणाली, संपला तर टॉप-अप घ्या. बघा! गाडी शेवटी तिथेच आली. टॉप-अप घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. मेलो तरी घेणार नाही.

तक्रार नंबर मिळाला. चौदा आकडी. मोठी केस असणार.

१२ तारीख, शुक्रवार
पोरगी मैत्रिणीबरोबर व्हिडिओवर इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस करत होती. बंद करायला लावली. ती रडवेली झाली. म्हटलं, मी कशाला आहे? मीच पॅनल झालो. बायकोने माझा कोट काढून दिला, तो जरा आवळतोय. मी विचारलं, अडचणीच्या वेळी तुम्ही काय करता? म्हणाली, घराबाहेर जाते. मी म्हटलं, उत्तर फार त्रोटक आहे, उदाहरण दे. ती उठून बाहेर गेली. चार वाजता आली.

तोपर्यंत तेरा टेस्ट झाल्या.

१६ तारीख, मंगळवार. संध्याकाळी ६.४०
संपले.

तीनशेच्या तीनशे. मोबाइलवर मेसेज आला, 'प्रिय ग्राहक'. स्पीड टेस्ट केली: ०.९. तीनदा केली. ०.९.

इंटरव्ह्यूला दहा दिवस. टॉप-अप चारशे नव्व्याण्णवचा आहे. प्रश्न चारशे नव्व्याण्णवचा नाहीच, तत्त्वाचा आहे. (खात्यात बघितलं. तेवढे नाहीत. पण असते तरी घेतला नसता.) बायकोकडे मागायचा प्रश्नच येत नाही. मागितले तर ती लगेच देईल, तेच नको.

घरात सांगितलं नाही. दहा दिवसांत केसचा निकाल लागेल.

१७ तारीख, बुधवार
बायकोच्या फाइली उतरत नाहीत. तिला सांगितलं, कंपनीचं मेन्टेनन्स चालू आहे. ती लॅपटॉप उचलून मेव्हणीकडे गेली. जाताना विचारलं, किती दिवस चालणार मेन्टेनन्स? म्हटलं, थोडेच.

पोरीने मात्र काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, बाबा, सव्वीसला होईल ना? म्हटलं, शब्द दिलाय. तिने मान हलवली आणि आपल्या खोलीत गेली. आज जेवण गेलं नाही. उकाडा.

१९ तारीख, शुक्रवार. दुपारी ३.३०
स्वतः कंपनीच्या ऑफिसात धडकलो. वही, प्रिंटआउट, पेन ड्राइव्ह. टोकन नंबर ७३. तीन तास बसलो. काउंटरवरच्या माणसाने वही चाळली. म्हणाला, एवढ्या टेस्ट तुम्ही स्वतः केल्या? मी म्हटलं, अर्थात, एकही चुकवली नाही. त्याने शेजारच्याला बोलावलं. दोघांनी मिळून बघितली. शेजारचा म्हणाला, काका, घरी कोणी आहे का तुमच्या? म्हटलं, आहेत, बायको आहे, मुलगी आहे. त्याने वही दोन्ही हातांनी परत दिली.

एकूण छाप पडली.

२१ तारीख, रविवार
ग्राहक मंचाला तक्रार लिहिली. साडेनऊ पानं. सोबत सगळे स्क्रीनशॉट. अपलोडला लावलंय. सकाळपासून चार टक्के.

२३ तारीख, मंगळवार. सकाळी १०.१०
नवीनच भानगड. फोनच्या वायफाय यादीत एक अनोळखी कनेक्शन दिसतंय, केएन ४४७१. सिग्नल पूर्ण, आपल्यापेक्षा दणदणीत. वरच्या मजल्यावरचे असणार. त्यांच्यामुळेच आपला वेग खचलाय! तक्रारीत दहावं पान जोडलं. बायकोला म्हटलं, वरच्यांशी बोल जरा. ती म्हणाली, बोलते. पोरगी खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. बरं वाटलं. घरातलं वातावरण निवळतंय.

बायको परत घरूनच काम करतेय. तिच्या फाइली ०.९ वरही उतरतात. उगाच आरडाओरडा करत होती.

२६ तारीख, शुक्रवार. सकाळी ९.४०
आजचा दिवस.

आजच्यापुरत्या टेस्ट बंद ठेवतोय. केवढा त्याग आहे हे कोणाला कळणार नाही. मोबाइल बंद करून कपाटात. व्यत्यय नको म्हणून हॉलमधली सगळी बटणं बंद केली. स्टूल टाकून राउटरला पाठ लावून बसतोय. एक तास कोणाला आत फिरकू देणार नाही. पोरगी नमस्कार करायला आली, तेव्हा आशीर्वादाऐवजी तोंडातून निघालं, कॅमेरा बंद ठेवलास तर? ती म्हणाली, राहू द्या बाबा, आणि दार लावून घेतलं.

११.०५
झाला! पंचावन्न मिनिटं! दाराला कान लावून ऐकलं. एकदाही अडखळली नाही. एकदाही 'हॅलो, ऐकू येतंय का' नाही. मधे ते तिघे हसले, तेही स्वच्छ ऐकू आलं. ०.९ वर! याला म्हणतात नियोजन. पोरगी बाहेर आली आणि आईच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, चांगला झाला, बाबा. मी म्हटलं, मी होतोच ना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, आलं तर आलं.

आता एक टेस्ट करायला हरकत नाही.

११.२०
टेस्ट होत नाही. 'कनेक्शन नाही.'

राउटरचे दिवे बंद आहेत. एकही लागलेला नाही. हॉलमधली बटणं बंद केली त्यात तिसरं राउटरचं होतं. म्हणजे नऊ चाळीसपासून बंद.

म्हणजे मी तासभर कशाची राखण करत बसलो होतो?

दुपारी ४.००
बायकोने सांगितलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

नवीन कनेक्शन तिने तिच्या नावावर घेतलंय. दुसऱ्या कंपनीचं. एकोणीस तारखेला, मी टोकन घेऊन बसलो होतो तेव्हा माणूस येऊन जोडून गेला. पोरीच्या कपाटामागे आहे. केएन ४४७१.

पोरीने दहा तारखेलाच सगळं शोधून काढलं होतं. एका टेस्टला दोनशे एमबी जातात. दिवसाला शंभर टेस्ट. वीस जीबी. बाकी सगळं घर मिळून पाचसुद्धा नाही. म्हणजे चोर सापडला.

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं? बायको म्हणाली, मी निघाले होते सांगायला. पोरीनेच अडवलं. म्हणाली, राहू दे आई, चार महिन्यांत पहिल्यांदा बाबा सकाळी उठून दाढी करतायत.

राग आला. मग लाज वाटली. मग परत राग आणून बघितला, आला नाही.

२७ तारीख, शनिवार
टेस्ट नाही. दाढी केली.

रीस्ट्रक्चरिंग वगैरे काही नाही. मला काढलं. केबिनमध्ये बोलावून दहा मिनिटांत काढलं आणि टेबल आवरायला खोकं दिलं. इथे वाचणारं कोणी नाही, इथे तरी खरं लिहावं. चौदा आकडी तक्रार नंबर मिळाला तेव्हा वाटलं होतं, चला, आपलं एक काम कुठेतरी चालू आहे.

२९ तारीख, सोमवार. सकाळी ११.३०
पोरीला नोकरी लागली! फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. खूप आनंद झाला, अगदी खराखुरा. एक तारखेपासून रुजू. शहराच्या दुसऱ्या टोकाला ऑफिस आहे, दोन बस बदलाव्या लागतात. म्हणाली, बाबा, पहिल्या दिवशी सोडायला याल का?

मी म्हटलं, बघतो. कामं आहेत बरीच.

का म्हणालो असं? तोंडाला सवय लागलीय.

३० तारीख, मंगळवार. सायंकाळी ५.१०
कामांची यादी करून बघितली. पान कोरं.

सोडायला जायचं ठरवलं. बसचे नंबर काढून ठेवले, पहिली सव्वासातची, दुसरी पावणेआठची. कोट इस्त्री केला. पोरीच्या खोलीत जाऊन सांगितलं, उद्या मी येतोय. ती जरा घुटमळली. म्हणाली, बाबा, तुम्ही बिझी आहात म्हणालात, म्हणून मी आईला विचारलं. तिने सुट्टी टाकलीय.

मी म्हटलं, छान झालं.