आमच्या समितीत फितूर कोण?

३ जून
अल्पसंख्याक प्रवेश कृती समिती स्थापन. अध्यक्ष मी, सेक्रेटरी रूममेट जाड्या. मागणी एकच: विद्यापीठात अल्पसंख्याक मुलांच्या जागा वाढवा. या प्रश्नाने मला रात्री झोप नाही. दुपारी लागते. संकल्प: कडक गुप्तता. प्रशासन आपली माणसं आत घुसवणार, हे मी ओळखून आहे.

५ जून
पहिला हेर आला. फिजिक्सचा एक उंच मुलगा. स्वतः अल्पसंख्याक. म्हणाला, पोस्टर लावायला मदत करतो. फुकट? कोणी न सांगता? अर्धा तास उलटतपासणी घेतली. मध्येच उठून गेला. मनात काळंबेरं नसतं तर बसला असता.

७ जून
आज एक चष्मेवाली. तीही अल्पसंख्याकच. धाकट्या भावाचा अर्ज गेल्या वर्षी फेटाळला. यंदाही नाही झालं तर वडील त्याला वेल्डिंगच्या दुकानात बसवणार. म्हणजे स्वार्थ आला! वर मलाच विचारते, समितीत आमच्यातलं कोण आहे. हिला कशाला हव्यात चौकशा? सांगितलं, दोन जुन्या सभासदांची शिफारस आण. म्हणाली, आमच्यातलं कोणी घेतलंच नाही तर शिफारस करणार कोण? प्रवेश कार्यालयातही हेच ऐकवतात म्हणे. आणि हसली. हसण्यासारखं काय होतं? लक्ष ठेवायला हवं.

९ जून, रविवार
मावशीकडे जेवलो. काका विद्यापीठाच्या सिक्युरिटीचे प्रमुख, पण घरात माझे काकाच. उद्या सकाळी मेन गेटवर धरणं, हा बेत सांगितला. मनापासून ऐकतात. कुठलं गेट, हे दोनदा विचारलं. आग्रहाने वाढलं.

१० जून
मेन गेटला कुलूप! आत गार्डची रांग. बातमी फुटली. बेत फक्त मला आणि जाड्याला माहीत होता. घरचे सोडून.

१६ जून, रविवार
नवा बेत: उद्या कुलगुरूंच्या केबिनबाहेर ठिय्या. काकांना इतका आवडला की जेवण अर्धवट टाकून फोन करायला गॅलरीत गेले.

१७ जून
केबिनबाहेर बाकं आडवी. ‘रंगकाम चालू आहे’ अशी पाटी. रंगाचा वाससुद्धा नाही. जाड्याची हकालपट्टी केली. तो म्हणाला, अरे, तुझे काका... मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. चोर तो चोर, वर माझ्या घरच्यांवर घसरतो!

२१ जून
विजय! कुलगुरूंनी स्वतः चर्चेला बोलावलं. बिस्किटं होती. विचारलं, तुमच्या समितीत अल्पसंख्याक किती? मी ताठ मानेने सांगितलं, आमच्या निवडीच्या कसोटीला अजून कोणी उतरलेलं नाही. त्यांचा चेहरा एकदम उजळला. वाक्य लिहून घेतलं. दारापर्यंत सोडायला आले. माणूस वळला.

२ जुलै
चष्मेवाली भेटली. भावाचा अर्ज पुन्हा फेटाळला. त्यांच्या समाजातल्या एकाही मुलाला जागा नाही. तिच्या तक्रारीला आलेलं कुलगुरूंचं उत्तर तिने वाचून दाखवलं: निवडीच्या कसोटीला कोणी उतरलेलं नाही, खुद्द कृती समितीचाही हाच अनुभव आहे. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. भाऊ सोमवारपासून दुकानात. मला फार लाज वाटली. कुलगुरूंवर मी पहिल्यापासून संशय घ्यायला हवा होता.

४ जुलै
लायब्ररीसमोर चष्मेवालीचं धरणं. राजरोस! पोस्टरवर जागा, वेळ, सगळं. उंच मुलगा आहे, जाड्याही आहे. माझ्या समितीत आता मी एकटा, त्यामुळे संशय घ्यायलाही कोणी नाही. दुपारी गेलो. म्हटलं, मला घेता का? उत्तरं पाठ करून गेलो होतो. कोणी काही विचारलंच नाही. चष्मेवालीने सतरंजीवर सरकून जागा दिली.

मग एवढंच म्हणाली की रविवारी मावशीकडे जेवायला जाऊ नकोस.

मी रविवारी मावशीकडे जेवतो, हे हिला कोणी सांगितलं? जाड्या! तरी मी म्हणत होतो.