अंगावरून उतरवलेले फ्रॉक

६ जानेवारी २०२६, मंगळवार

दुपारी चार वाजून दहा मिनिटं. घड्याळ बघून लिहिते आहे! पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि प्रीतीने टाळी वाजवली, "चला, काढा पटापट!" बांधकाम मजुरांसाठीच्या आमच्या पाळणाघरातल्या सगळ्या मुलांच्या अंगावरचे नवे कपडे उतरवले, घड्या घातल्या, पुन्हा खोक्यात. देणगीदारांसोबत फोटो झाले ना!

तीन वर्षांची फुलमती फ्रॉक सोडेना. मदतनीस भावनाने तिची मूठ उघडली. पोर नुसत्या चड्डीवर, थंडीत.

"प्रीती, हे काय?"

"मिस, घरी दिले तर विटांच्या मातीत लोळवतील. पुढच्या पाहुण्यायले काय दाखवू?"

प्रीती! शाळेतली माझीच विद्यार्थिनी. हिलाच संचालिका करा म्हणून ट्रस्टमध्ये मी भांडले होते.

७ जानेवारी

फुलमतीची आई रीना छत्तीसगडहून आली आहे, समोर बांधकाम चाललेल्या इमारतीवर विटा वाहते. सकाळी तिने विचारलं, "मैडम, दिया था तो उतारा काहे?" एवढंच. त्यावर प्रीती — "कल से लडकी को मत लाना. शिस्त बिघडते."

शिस्त म्हणे!

८ जानेवारी

फुलमती सळयांच्या ढिगाशेजारी. कमरेला साडीची पट्टी, दुसरं टोक खांबाला. आई वर, सहाव्या मजल्यावर.

प्रीतीला फोन केला. "एकीचं ऐकलं तर साऱ्या डोक्यावर बसतील, मिस. तुम्ही रिटायर झाल्या, आता आराम करा ना!"

शिकवण्यातून रिटायर झाले, कान पिळण्यातून नाही.

ट्रस्टचे कृष्णकांतराव म्हणाले, "जाऊ द्या हो, काम चांगलं करते पोरगी." काम? फोटो चांगले येतात!

१० जानेवारी

पोर अजून खांबालाच.

१२ जानेवारी, सोमवार

पाळणाघर रिकामं! एकाही आईने मूल पाठवलं नाही. मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. रीना म्हणाली, "सबके बच्चे जाएँगे, नहीं तो किसी का नहीं."

लगेच प्रीतीचा फोन, रडवेली. "मिस, उद्या देणगीदारांचे मोठे साहेब येऊन राहिले. तुम्ही समजावा ना या बायायले!"

म्हटलं — फुलमतीला परत घेते, आणि दिलेलं कोणाच्याही अंगावरून पुन्हा काढणार नाही, असं लिहून सही कर. आज संध्याकाळी पाचच्या आत. हिंदीत. आणि मला नको पाठवू. रीनाच्या नावाने लिही.