आमचं ‘बांधावर’ नंबर एकवर

गोरेगाव, जि. गोंदिया
२३ नोव्हेंबर २०१०

आदरणीय अंजनाआत्याबाई आणि मामाजी यांना रत्नपालचा मनापासून जय भीम.

इकडे आईची कंबर सोडून सगळे खुशाल आहोत. तुमची तब्येत कशी आहे? मामाजींच्या गुडघ्याला आराम पडला का? बाबांनी सांगितलेलं तेल लावून राहिले असतील तर ताबडतोब थांबवा, तेच तेल बाबा स्वतः लावून राहिले होते आणि आता दोघांना धरून उठतात. तुमच्या सौंदडला धान कापून झालं असेल. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र लिहून राहिलो. पत्रात मधात बोलता येत नाही. तर आत्याबाई, बसून घ्या. आमचं गाणं नंबर एकवर आहे.

मी, हिमांशु आणि आणखी दोघं मिळून पॉप रॉक बँड चालवतो हे तुम्हाला माहीत आहे (माहीत नसल्यासारखं तुम्ही दाखवता, ती गोष्ट वेगळी). मी गातो आणि गिटार वाजवतो, हिमांशु ड्रम वाजवतो. बँडचं नाव ‘इटियाडोह’ मीच ठेवलं, त्या धरणासारखा भरलेला आवाज म्हणून. पोस्टर लावल्यावर दोन गावचे लोक कालव्याला पाणी कधी सुटते ते विचारायला घरी आले होते. उन्हाळ्यात आम्ही पहिली सीडी काढली, ‘बांधावर’. जिथे रेकॉर्ड केली तिथे एरवी लग्नाच्या सीडी बनतात, त्यामुळे कव्हरच्या कोपऱ्यात ‘शुभ विवाह’ तसंच राहून गेलं. विकत कोणी घेतली नाही, म्हणून नातेवाइकांना वाटली. तुम्हाला दिली तेव्हा तुम्ही उलटीसुलटी करून पाहिली आणि टीव्हीवर ठेवून दिली. बाबांनी तेव्हाच सांगून टाकलं, दुसरी सीडी एखादी कंपनी काढत असेल तर माझी ना नाही, नाही तर दिवाळीनंतरची मंडईची जत्रा झाली की गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला लागायचं. मालकाशी बोलूनही आले. मला राईस मिलचा राग नाही, पण तिथे मशिनीचा आवाज असा की गुणगुणलेलं आपलं आपल्यालाही ऐकू येत नाही, आणि मला ते सोसणार नाही.

मग पऱ्हे उपटून धानाची रोवणी सुरू झाली आणि दिवस पालटले. गोरेगावच्या बाजारात मुन्नालालचं मोबाईलचं दुकान आहे. तो मेमरी कार्डात गाणी भरून देतो, आणि कोणतं गाणं लोकांनी जास्त नेलं त्याचे नंबर दर हप्त्याला दुकानाच्या काचेवर लाल स्केचपेननं लिहितो. मोठमोठ्या हिंदी सिनेमांची गाणी तिथे येतात आणि पुसली जातात. एका बाजाराच्या दिवशी मी पाहिलं तर नऊ नंबरवर ‘बांधावर’. मोटारसायकलचं स्टँड लावायचं विसरलो, ती पडली. पुढच्या बाजाराला चार नंबर. पोळ्याला एक, आणि मग ते खाली यायलाच तयार नाही. मुन्नालाल म्हणाला, “भैया, औरत-आदमी सब यही माँग रहे हैं.” मी पेढे घेऊन घरी गेलो. बाबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, काचेवर नाव लिहिल्यानं पगार मिळते का. मी मनावर घेतलं नाही. रस्त्यानं चालताना मान जराशी वाकडी धरायला लागलो (कलाकार धरतात तशी). गाणं मात्र मुन्नालालकडून एकदाही ऐकलं नाही. आपलंच गाणं दुसऱ्याच्या मोबाईलवर कोण ऐकत बसते?

दिवाळी झाली, गावोगाव मंडया भरल्या, आणि नंबर एकचा बँड म्हणून आम्हाला पहिलं बोलावणं आलं. दुपारची वेळ, पाहुण्यारावळ्यांनी पटांगण भरलेलं, आणि पुढच्या खुर्चीवर नागपूरच्या सीडी कंपनीचे साहेब, ज्यांची सासरवाडी नेमकी त्या गावची निघाली. मागे बाबा उभे होते, राईस मिलच्या मालकाला सोबत घेऊन. मी डोळे मिटून सुरू केलं, ‘बांधावर उभा मी, तुझ्यासाठी उभा मी’. किती दुःखाचं गाणं आहे ते. ती येत नाही, नुसतं आभाळ येते, तो उभाच. दुसऱ्या ‘उभा मी’नंतर मी थोडा थांबतो, हुंदका यावा म्हणून. तर त्या थांबण्यात अख्खं पटांगण एका सुरात ओरडलं, “उभा कायले आहेस तं? उतर चिखलात, पऱ्हे धर!” मला वाटलं, लोक मला हाकलून राहिले. पुन्हा गायलो, पुन्हा तेच, उतर, उतर. आत्याबाई, मी लोकांचा मान राखणारा माणूस आहे. गिटार गळ्यात घेऊन निमूटपणे स्टेजवरून खाली उतरलो. खाली पाण्याचा टँकर गळून खराच चिखल झाला होता. त्यात मी उभा राहिलो आणि शिट्ट्या काही थांबेनात. एका भाजीवालीनं पऱ्हे म्हणून माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली.

मग हिमांशुनं एका पाहुण्याचा चायना मोबाईल मागून घेतला आणि आम्ही नंबर एकचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. ते आमच्या सीडीतलं नाहीच. कोणाच्या तरी शेतातल्या बांधीत बाया धान रोवून राहिल्या, बाजूला चिखलणीच्या ट्रॅक्टरवर आमची सीडी लागली आहे, मी दुरून बारीक आवाजात उभा आहे, आणि माझ्या हुंदक्याच्या जागी एक बाई मला बरोबर तालात झापते. सगळ्या बाया हसतात आणि पुढचं कडवं त्याच गातात. कोणीतरी ते टिपलं, मोबाईलवरून मोबाईलवर पाठवलं, आणि फिरत फिरत ते मुन्नालालच्या काचेवर जाऊन बसलं. लोकांना ती बाई पाहिजे, मी नाही. साहेबांनीही स्टेजमागे येऊन एवढंच विचारलं, ती बाई कुठे आहे? ती असेल तर दुसरी सीडी काढतो, नसेल तर राम राम. हिमांशुनं बायकी आवाज काढून दाखवला. साहेबांनी प्यायला पाणी मागितलं.

त्या बाईचा शोध चालू आहे. लागला तर सीडी, नाही तर सोमवारपासून मी राईस मिलमध्ये. एवढं सोडलं तर आमची प्रगती चांगली आहे. तुमच्या स्नेहलला अभ्यास कर म्हणा, मामाजींना जपा.

तुमचा (अजून तरी नंबर एकचा) भाचा,
रत्नपाल

ता. क. : शोध कसला डोंबलाचा, मी पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला. लहानपणी त्याच आवाजानं मला तुमच्या आंब्यावरून किती वेळा उतरवलं आहे. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी साहेबांना नाव सांगणारा नाही. तुम्ही फक्त रविवारी गोंदियाला या आणि माइकसमोर माझ्यावर रागवा. तुम्हाला त्यासाठी तयारी करावी लागत नाही.

ता. क. २ : साहेबांनी काल हेडफोन लावून ऐकवलं. लोक हसण्याच्या नादात पुढचं ऐकतच नाहीत. हसणं सरल्यावर एक बाई विचारते, “कोण होय वं हा रडून राहिला तो?” आणि तुम्ही म्हणता, “माहा भाचा होय. चूप राहा, मले ऐकू द्या.” आत्याबाई, मला तिथेच रडू आलं. साहेबांना वाटलं, हेडफोनमध्ये करंट आला.

ता. क. ३ : आता खरं सांगून टाकतो. नाव मी मंडईतच सांगितलं होतं. कंपनीला गायला मी नको आहे. सीडीवर ‘अंजनाबाई आणि मंडळी’ असं येणार, मंडळीत मी, गिटारवर. मी हो म्हटलं, तुमच्या वतीनंही हो म्हटलं, आणि पोस्टर छापायला गेलं, त्यावर स्नेहलनं पाठवलेला तुमचा चिखलातला, लुगडं खोचलेला फोटो आहे. हे वाचून तुम्ही मला जे काही बोलाल ते स्नेहलला समोर बसवून मोबाईलमध्ये टिपून घ्या. रविवारी नाही आल्या तरी तेवढ्यात अर्धी सीडी होते.