चौथ्या मजल्यावर पाणी नाही

ती. मावशीस,

नमस्कार. तुझा खोकला गेला असेल, नसेल तर काढा घेत असशील आणि त्याला नावं ठेवत असशील. इकडे सगळे बरे आहेत. बाबा जरा जास्तच.

तू बजावलं होतंस तसं कॉलेज नुसतं फाटकातून बघून आले नाही. तू लिहून दिलेले सतरा प्रश्न घेऊन गेले. (बाबा सोबत होते, हे आधीच सांगायला हवं होतं.) एक हसतमुख विद्यार्थिनी आम्हाला फिरवत होती. ग्रंथालयात मी वाचनकक्षाची वेळ विचारली. बाबांनी छताकडे बघत ओल कधीपासूनची ते विचारलं. प्रयोगशाळेत ते सरळ बेसिनखाली शिरले. प्लंबर माणसाबरोबर कुठेही जा, हीच तऱ्हा. (आईला बघायला आजोबांकडे पहिल्यांदा आले तेव्हाही दोन शब्द बोलायचे सोडून मोरीचा नळ बदलून गेले म्हणे.)

खरा घोळ वसतिगृहात झाला. दारातच रेक्टरबाई बाबांवर कडाडल्या, "चार दिवस झाले बोलावून, आज उगवताय?" आम्ही कॉलेज बघायला आलोय, असं सांगावं की नाही? बाबा म्हणाले, "टाकी कुठाय?" (पिशवीत पाना होता. का होता, विचारू नकोस.) ते गच्चीवर गेले आणि मला चौथ्या मजल्यावर न्हाणीघराच्या खिडकीशी उभं केलं. वरून "आलं का?" खालून "नाही आलं." असे दोन तास. इतिहासाच्या मॅडमनी मला भेटायची वेळ दिली होती, ती त्यातच गेली. पण मावशी, तिथे बादल्या घेऊन मुलींची रांग होती. त्यातल्या एकीने, तोंडाला साबण तसाच ठेवून, तुझ्या सतराही प्रश्नांची उत्तरं दिली: कोण जीव तोडून शिकवतं, कोण वहीतलं वाचून दाखवतं, जेवणात कोणत्या वारी काय टाळायचं. साबण वाळत आलेला माणूस खोटं बोलत नाही. मला तिथेच शिकायचं आहे.

पाणी आलं. बाबा ओलेचिंब खाली आले आणि निकाल देऊन मोकळे झाले, "जिथे चौथ्या मजल्यावर पाणी पोचत नाही तिथे मी मुलगी ठेवणार नाही. ते दुसरं कॉलेज बघ, पाइप कसे सरळ आहेत." (दुसऱ्या कॉलेजात इतिहास हा विषयच नाही. पाइप मात्र सरळ आहेत.) फॉर्म शनिवारपर्यंत द्यायचा आहे आणि त्यावर सही बाबांची लागते.

तुझी,
भाची

ता. क. बाबा तुझा शब्द मोडत नाहीत. तूही चार मजले बादल्या वाहून शिकलीस आणि तुझं काही बिघडलं नाही, एवढं त्यांना लिही. गुडघ्यांचं लिहू नकोस.

ता. क. ताई, पत्र टाकायला हिने माझ्याकडेच दिलं, पाकीट उघडंच होतं. गच्चीवर खालचं सगळं ऐकू येत होतं. इतकी ती घरात बोलत नाही. फॉर्मवर सही कालच केली. सोमवारी जाऊन वसतिगृहाची वरची सगळी लाइन बदलून येतो. हिला शनिवारपर्यंत सांगू नका. सध्या कुणी न सांगता भांडी घासते आहे.