नव्या हंगामाचं बेट

११ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. भावोजींचा गुडघा आता वाकतो म्हणे, मामेबहिणीनं कळवलं. तुमची सगळी खबर मला तिच्याकडूनच मिळते. बावीस वर्षांत मी तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत हवापाण्याच्या पुढे गेलो नाही. हे चौथं लांबणार आहे. चष्मा घेऊन बस.

मी बरा आहे. बंदरासमोर दुसऱ्या मजल्यावर खोली आहे. खाली शिडं शिवणाऱ्याचं दुकान. त्याचं यंत्र सुरू झालं की माझ्या टेबलावरची पेन्सिल आपोआप चालायला लागते. दाढी पांढरी झाली, आवाज तसाच आहे. आमचा आचारी म्हणतो, कॅप्टन कानात बोलले तरी शेजारच्या नौकेवरचे लोक मान डोलावतात.

धंदा तुला ऐकून ठाऊक असेल, माझ्याकडून कधी कळला नाही. साठ फुटी शिडाची नौका आहे. लोक ती आठवडाभरासाठी भाड्यानं घेतात, आम्हा तिघांसकट: मी, इंजिनवाला आणि आचारी. पाहुणे डेकवर लोळतात, आम्ही त्यांना बेटं दाखवत फिरवतो. हो ताई. ज्या नौकांना आपल्या खाडीत शिरू देऊ नका म्हणून मी घसा फोडला होता, तसल्याच एका नौकेचा मी कॅप्टन आहे. हसून घे. मी थांबतो.

काल मालकीणबाईंनी कचेरीतल्या मोठ्या टेबलावर समुद्राचा नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. म्हणाल्या, "तीच तीच बेटं किती वर्षं दाखवायची? मागच्या हंगामात एका पाहुण्यानं मलाच रस्ता सांगितला. नवीन काहीतरी काढा. माहितीपत्रक छापायला जायचंय."

दक्षिणेकडची हिरवी बेटं निघाली. तिथं नांगर टाकायलासुद्धा रांग असते. पश्चिमेची रांग निघाली. ती दिसायला देखणी, पण वारा फिरला की लपायला जागा नाही. पाहुण्यांना रात्रंदिवस बादल्या पुरवाव्या लागतील. मग बाईंचं बोट नकाशावर उत्तरेला सरकलं आणि थांबलं.

"हे कुठलं? इथं कोणीच जात नाही?"

इंजिनवाला माझ्याकडे बघायला लागला.

"लोकवस्ती किती?" बाईंनी विचारलं.

"एकोणीस," मी म्हणालो.

"एकोणीस हजार?"

"एकोणीस माणसं, बाई."

त्यांनी टाळीच वाजवली. "हेच तर हवं असतं लोकांना! निर्जन! छापा तसंच."

आचारी म्हणाला, "ताजी भाजी मिळेल का तिथं, की आठवडाभर डबेच फोडू?"

पण माझं डोकं त्या शब्दावर फिरलं होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, निर्जन काय म्हणता? ज्या गावात दोनशे माणसं होती, ज्याच्या शाळेत चाळीस पोरं पाढे ओरडत होती, ते ओस पडलं की त्याला तुम्ही सौंदर्य म्हणता? रिकाम्या घरांच्या रांगेचे फोटो काढता? ती माणसं उडून नाही गेली, ती कोणामुळे तरी गेली! टेबलावरचे कप थरथरले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाषण छान झालं, कॅप्टन. कोणामुळे गेली?"

मी भाषण तिथंच टाकून खाली बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, ताई.

रात्रभर मला बाबांची होडी दिसत होती. बंदरखात्यासाठी ते खाडीची खोली मोजायचे आणि आपण दोघं त्यांच्याबरोबर. ते दोरीला बांधलेला शिशाचा गोळा सोडायचे. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली, तिला तळातलं जे असेल ते चिकटून वर यायचं. तू ते बोटावर घेऊन आधी डोळ्यांनी, मग जिभेनं बघायचीस आणि ओरडायचीस, "साडेचार वाव, वाळू!" मी वहीत खोली वावांत आणि पुढे तळ लिहायचो. एकदा तू "शिंपले" म्हणालीस आणि मी "वाळू" लिहिलं. बाबा म्हणाले, "ही म्हणते तेच लिही. तळाला हात हिचा लागलाय, तुझा नाही." मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. तू माझ्या वाट्याची पाव-जेली खाऊन टाकलीस आणि वर म्हणालीस, बोलत नाहीस तर नको म्हणणार कसा?

ते दिवस मी इतके घोटून ठेवलेत की कधीकधी वाटतं, बेट आता माझ्या डोक्यातच उरलंय. पण ते खरं नाही. मी ते बघून आलोय.

नोव्हेंबरात पाहुणे उतरवून रिकामी नौका परत आणत होतो. इंजिनवाल्याला सांगितलं, जरा वाट वाकडी करू. कारण सांगितलं नाही. आत शिरायची खूण आठवत होती: पांढरा रंग दिलेला खडक आणि त्याच्या मागे शाळेच्या छपराचं टोक, दोन्ही एका रेषेत धरायची आणि दोन्हीकडच्या खडकांमधून आत यायचं. त्याला रंग देणारे बाबा गेले, आता खडक कुठला पांढरा असायला, मी गोळा सोडत चाचपडत जायच्या तयारीनं होतो. ताई, खडक पांढराशुभ्र होता. ताजा रंग होता.

इंजिनवाला म्हणाला, "इथं अजून नौका येतात वाटतं."

"नाही येत. आठवड्याला टपालाची बोट, ती पलीकडच्या अंगाला लागते."

"मग रंग कोण देतं? आणि कोणासाठी?"

मी नांगर टाकला. मग उगाचच गोळा सोडला, चरबी लावून. साडेचार वाव, वाळू. मी मोठ्यानं ओरडलो, आणि इंजिनवाला म्हणाला, "मला ऐकू येतं, कॅप्टन, मी शेजारीच आहे."

दुर्बिणीतून तू दिसलीस. शाळेच्या पायरीवर बसली होतीस, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. शाळा बंद होऊन नऊ वर्षं झाली, तरी वर्ग उघडून हवा खेळवतेस हे मामेबहिणीनं लिहिलं होतं. मला ती अतिशयोक्ती वाटली होती. तू उठलीस, कपाळावर हात धरून नौकेकडे बघत उभी राहिलीस. बराच वेळ. मी हात वर केला नाही. दुर्बीण इंजिनवाल्याकडे दिली, नांगर उचल म्हणालो आणि तोंड फिरवलं.

का, ते आता लिहितो. इथपर्यंत येऊन दोनदा उठलो आणि खिडकी लावून आलो.

ती शाळेच्या पटांगणातली सभा. धक्का बांधू द्यायचा की नाही. तू उभी राहिलीस आणि तीनच वाक्यं बोललीस: "धक्का झाला तर मोठी बोट थांबेल. बोट थांबली तर माणसं राहतील. माणसं राहिली तर शाळा राहील." आणि बसलीस. तुझ्यानंतर मी उठलो. चाळीस मिनिटं बोललो. आपल्याच किनाऱ्यावर आपण परक्यांची ताटं उचलणार का, असं विचारलं. आपली पोरं नाणी वेचायला पाण्यात उड्या मारतील, असं म्हणालो. म्हातारे रडले. धक्क्याचा ठराव पडला, मोठी बोट दोन वर्षांत बंद झाली, आणि पुढचं तू एकेक बाक रिकामा होताना मोजलंस.

घरी जाताना तू म्हणालीस, "फार छान बोललास. आता इथं राहून दाखव." नवव्या दिवशी मी नोकरीसाठी बेट सोडलं. तुम्हा सगळ्यांना वाटलं, नोकरी नंतर आली. मीही तसंच वाटू दिलं.

नोकरीचं पत्र सभेच्या आदल्या दिवशी आलं होतं, ताई. बोलताना ते माझ्या शर्टाच्या खिशात होतं. छातीवर हात आपटत मी "ही माती" म्हणत होतो ना, तेव्हा हाताखाली कागद वाजत होता.

मी खोटं बोलत नव्हतो. हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. प्रत्येक शब्द मला पटलेला होता, आजही त्यातले निम्मे पटतात. पण तुम्ही तिथं राहणार होतात आणि मी जाणार होतो. मला राहायला बेट नको होतं, आठवायला हवं होतं. जसंच्या तसं. म्हणून मी ते तुमच्याकडून बंद करून घेतलं.

आता कामाचं. मालकीणबाई पंचवीस तारखेपर्यंत थांबतील, तोवर माहितीपत्रकाच्या त्या पानावर दुसरं काही छापणार नाहीत. आपली खाडी निवडली तर हंगामात पंधरवड्याला एक नौका येईल, आठ माणसं घेऊन. त्यानं शाळा भरणार नाही. भरेल असं सांगितलं तर ते माझं दुसरं भाषण होईल. पण किनाऱ्यावरच्यांनी हो म्हटल्याशिवाय मी कुठलीही खाडी कोणाला दाखवत नाही. हा नियम बाईंचा नाही, माझा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर बाईंना द्यायच्या अहवालात "गावाची परवानगी नाही" एवढंच लिहीन. नांगर धरत नाही वगैरे खोटी कारणं देणार नाही.

हे पत्र परवाच्या टपालाच्या बोटीनं पोचेल. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याच बोटीनं मी येतो, एकटा. तू शाळा उघड. एकोणीसच्या एकोणीस जणांना बोलाव. खिशातल्या पत्राचं मी सगळ्यांसमोर सांगेन, त्याला दोन मिनिटं लागतील. मग मी मागच्या बाकावर बसेन आणि मतासाठी हात वर करणार नाही, तो हक्क तुमचा.

तू हो म्हण किंवा नाही म्हण, पण या वेळी सगळ्यांत शेवटी तू बोल. तुझ्यानंतर कोणी उठणार नाही.

ऐकायला येणारा,
तुझा धाकटा